पायी रोम

रोमला जाऊन आलेल्या भाविकांना आम्ही 'काय पाहिलेत?' असे विचारतो, तेव्हा चर्चेसची लांबलचक यादी ऐकायला मिळते. पाच देशांच्या सहलीत रोमच्या वाट्याला जेमतेम दीड दिवस येतो. बस दारात थांबते, छायाचित्रे निघतात, बस सुटते. यात पाप काहीच नाही. परंतु जी वास्तू प्रार्थनेसाठी उभारली गेली, ती नुसती 'पाहून घेण्याचा' अधिकार आपल्याला आहे काय, हा प्रश्न आमची पाठ सोडीत नाही.

सोळाव्या शतकात संत फिलीप नेरी यांनी याच नगरीत सात चर्चेसची पायी यात्रा लोकप्रिय केली. संत पेत्र, संत पौल, संत सेबास्टियन, लॅटरनचे संत योहान, पवित्र क्रूस, संत लॉरेन्स आणि सांता मारिया माज्जोरे ही ती सात. अंतर वीस किलोमीटरांहून अधिक. वाटेत गायन होई, एखाद्या बागेत बसून सारे जेवत. आपल्या वारकऱ्यांना या संताची रीत चटकन उमगली असती!

आजही ही वाट चालता येते. ती दोन दिवसांत वाटून घ्यावी. रस्त्यांतील काळ्या दगडी ठोकळ्यांची फरसबंदी पावसात निसरडी होते, म्हणून जाड रबरी तळव्याचे, सवयीचे बूट हवेत. पाणी विकत घेण्याचे कारण नाही. 'नासोनी' नावाचे लोखंडी नळ जागोजागी वाहत असतात. तोटीवर बोट दाबले की वरच्या छिद्रातून धार उडते. खांदे व गुडघे झाकलेले असावेत. लहान चर्चेस दुपारी बंद असतात, तेव्हा सकाळ दवडू नये.

या सातांपैकी संत लॉरेन्स यांच्या चर्चकडे सहलीच्या बसेस सहसा वळत नाहीत. १९ जुलै १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात ते उद्ध्वस्त झाले. त्याच दिवशी पोप पायस बारावे त्या वस्तीतील लोकांत जाऊन उभे राहिले. चर्च पुन्हा बांधले गेले. लॉरेन्स हे रोमचे दीक्षित सेवक, २५८ मधील हुतात्मे. ख्रिस्तसभेचे धन आणून दे, असे अधिकाऱ्याने फर्मावले तेव्हा त्यांनी शहरातील गोरगरिबांना पुढे उभे केले, अशी परंपरा आहे. आता प्रश्न असा, की ही कथा ऐकून बाहेर पडलेल्या माणसाने पायरीवर हात पसरून बसलेल्याकडे कसे पाहावे? खिसेकापूंपासून पाकीट सांभाळायला हवे, हे खरेच. पण बसमधला माणूस त्या हाताला चुकवू शकतो. पायी चालणाऱ्याला त्याच्याजवळूनच जावे लागते. चालण्याचे नैतिक मोल आम्हांला इथे दिसते, थकण्यात नव्हे.

मग गुडघे धरलेल्या आजीबाईंनी काय करावे? त्यांनी खुशाल बसने सांता मारिया माज्जोरेला जावे. तिथे २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस यांचे दफन झाले. साध्या दगडावर केवळ 'फ्रान्सिस्कुस' एवढेच लॅटिन अक्षरांत कोरलेले आहे. बाकीची सहा राहू द्यावीत, आणि सोबतची मंडळी परत येईपर्यंत तिथल्याच बाकावर जपमाळ घेऊन बसावे.