चिमुकल्या पावलांची यात्रा



अलिबागच्या उत्तरेस, मापगावच्या माथ्यावर श्रीकनकेश्वराचे स्थान आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ३८० मीटर उंचीवरील या देवालयाकडे जाणाऱ्या पायऱ्या राघोजी आंग्रे यांचे दिवाण गोविंद रेवादास यांनी १७६४ साली बांधविल्या. सातशेहून अधिक पायऱ्यांची ही वाट आहे. नागोबाचा टप्पा, देवाची पायरी, पालेश्वर, गायमांडी ही तिच्यावरील ठिकाणांची नावे. कोकणच्या दमट हवेत ही चढण अंगावर येते, हे दर्शनास येणाऱ्यांनी ध्यानी धरावे. पहाटे निघावे, पाणी जवळ ठेवावे.

एका श्रावणी सोमवारी आम्ही ही वाट चढत होतो. पुढे एक कुटुंब होते. आईवडील, आजी आणि पाच वर्षांचा मुलगा. मूल जन्मतः फार आजारी होते. ते वाचले तर पाचव्या वर्षी त्याच्याच पायांनी सर्व पायऱ्या चढवीन, असा वडिलांनी नवस बोलला होता. निम्म्या वाटेवर मूल बसले. नव्या चपलेने टाच सोलली होती. वडील हात धरून ओढीत होते, मूल रडत होते. आजी म्हणाली, “अरे, कडेवर घे त्याला.” वडील म्हणाले, “आई, नवस मोडेल.” त्या आवाजात राग नव्हता, भीती होती. ज्याने मृत्यूच्या दारातून मूल परत आणले, त्याचा शब्द मोडायचा कसा?

खरे सांगावयाचे तर आमचे लक्ष आरतीच्या वेळेकडे होते, आणि आम्ही त्यांना ओलांडून चार पायऱ्या पुढे गेलोही होतो. एवढ्यात त्या गृहस्थांनी हाक मारली, “बुवा, उचलून घेतले तर दोष लागेल का?”

तेव्हा नाथांची कथा आठवली. भर माध्यान्ही गोदावरीच्या तापल्या वाळवंटात एक मूल एकटे रडत होते. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या घरचे ते लेकरू. एकनाथ महाराजांनी त्याला कडेवर घेतले, पुसले, सांत्वन केले आणि त्याच्या घरी नेऊन पोहोचविले. सोवळ्याचे काय होईल, हा विचार त्यांना त्या वाळूवर सुचला नाही. आचारधर्म नाथांना ठाऊक नव्हता असे कोण म्हणेल? परंतु पाय पोळत होते ते बालकाचे.

आम्ही त्या गृहस्थांना एवढेच विचारले, “नवस कोणी बोलला?” ते म्हणाले, “मी.” “मग फेडायचा कोणी?” नवस हा कृतज्ञतेचा उद्गार आहे. तो बोलणाऱ्याने स्वतःच्या घामाने फेडावा. ज्याला त्याचा अर्थही कळत नाही, त्याच्या टाचेच्या रक्ताने नव्हे. देवाशी सौदा झाला असे आपण समजतो, म्हणून भितो. देव सावकार नाही.

ते बराच वेळ उभे राहिले. मग मुलाला खांद्यावर घेतले आणि अनवाणी चढू लागले. आम्ही आजींची पिशवी घेतली. आरती अर्थातच चुकली. गाभाऱ्यात गेलो तेव्हा मूल बापाच्या खांद्यावर गाढ झोपले होते. घंटेच्या नादानेही जागे झाले नाही. आईने त्याचा हात धरून पिंडीवर बेलाचे पान ठेवविले.

उतरताना जाग आली. ढग विरळ होऊन समुद्र दिसू लागला होता आणि खांदेरी-उंदेरीची बेटे. शिवछत्रपतींनी १६७९ साली खांदेरीवर दुर्ग उभारण्यास घेतला, तो २०२५ साली जागतिक वारसा यादीत गेला, हे त्या मुलाला सांगून उपयोग नव्हता. त्याला खाली उतरायचे होते. टाचेला फडके बांधून तो एकेक पायरी मोजू लागला. वीसनंतर त्याचे आकडे चुकत. वडील हात धरून, तेच चुकीचे आकडे त्याच्याबरोबर मोठ्याने म्हणत उतरत होते.