सांगितले ते आणि सांगायचे होते ते

दिवाळीच्या सुटीत नात घरी आली, की फराळाच्या डब्यांबरोबर तिची पुस्तकेही घरभर पसरतात. यंदा त्यांत ब्रायन कर्निघन आणि डेनिस रिची या जोडीचे 'द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज' होते. १९७८ साली प्रथम निघालेले हे पुस्तक संगणकाला 'सी' भाषेत कामे कशी सांगावीत ते शिकविते. जन्मभर मास्तरकी केल्यामुळे दुसऱ्याचे पाठ्यपुस्तक चाळण्याचा मोह मला आवरत नाही. आरंभीच विद्यार्थी यंत्राकडून साऱ्या जगाला नमस्कार करवून घेतो, हे पाहून बरे वाटले. आपल्याकडेही श्रीगणेशा नमनानेच होतो!

पुढे फॅरनहाइटचे सेल्सिअस करण्याचे उदाहरण आहे. बत्तीस वजा करावेत, पाचाने गुणावे, नवाने भागावे. २१२ चे बरोबर १०० होतात. पण पाच छेद नऊ आधी काढून त्याने गुणाल तर फसाल, असे पुस्तक बजावते. पूर्णांकांच्या भागाकारात ही भाषा पूर्ण भाग तेवढा ठेवते आणि उरलेले टाकून देते. पाचात नऊ शून्य वेळा जातात. मग बर्फ असो की उकळते पाणी, उत्तर शून्यच! नातीने मुद्दाम तसे करून दाखविले. पडद्यावर शून्यांची रांग उभी राहिली.

"यंत्र चुकले," मी म्हणालो.

"यंत्र नाही चुकलं, आजोबा. आपण सांगितलं तेच त्यानं केलं."

मला शाळेतला आमचा शिपाई आठवला. परीक्षेच्या सकाळी मी त्याला चिठ्ठी दिली होती : फी न भरलेल्यांना वर्गात बसू देऊ नये. एका मुलाला मी तोंडी मुदत दिली होती. ते चिठ्ठीत लिहायचे राहिले. शिपायाने त्यालाही परत पाठविले. मुलाचा पेपर बुडाला. सर्वांदेखत मी शिपायाला म्हणालो, "एवढी अक्कल नको?" तो खाली मान घालून उभा राहिला. आदल्याच महिन्यात उशिरा आलेल्या पोरांना त्याने आपल्या बुद्धीने आत घेतले, तेव्हा "सांगितले तेवढेच करत जा" असे मीच त्याला खडसावले होते.

यंत्राला मन नाही, म्हणून दोषही नाही. माणसाला मन आहे, तेव्हा आज्ञा पाळणाऱ्यावरही काही भार येतोच. क्रूर आज्ञा मुकाट्याने पाळणाऱ्याला निर्दोष कोण म्हणेल? पण ज्याच्या बुद्धीला आपणच कुलूप घातले, त्याच्याकडे ऐनवेळी ती मागण्याचा हक्क आपल्याला उरतो काय?

घरात मी "ते जरा आण" म्हणतो आणि आमची मंडळी मुकाट्याने चष्मा आणून देतात. मला वाटत राहते, आपण नीट सांगितले! अर्धे वाक्य त्यांच्या मायेने पुरे केलेले असते. यंत्र ही माया करीत नाही. म्हणूनच आपले बोलणे किती अपुरे असते, हे तेच दाखविते.

नातीने भागाकार शेवटी नेला आणि शून्यांच्या जागी खरे आकडे उमटले. तिची चूक एका ओळीत सुधारली. माझा शिपाई मात्र आता हयात नाही. त्या चिठ्ठीत राहिलेली ओळ मी कोणाजवळ लिहून देऊ?