समेट की केवळ जवळीक?

रानातल्या टोळीत दोन माकडं भांडतात, थोड्या वेळाने तीच एकमेकांच्या केसांतल्या उवा वेचू लागतात, आणि पाहणारा समेट झाला असं मानतो. असं मानताना भांडणाची आठवण, बिघडलेल्या नात्याची जाण आणि ते सांधण्याचा हेतू या तिन्ही गोष्टी आपण माकडाच्या पदरात टाकतो. 2009 मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या शार्लोट हेमलराइक आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या संगणकीय प्रारूपात यांतलं काहीच नव्हतं. त्यातले जीव कळपाजवळ राहत, जिंकण्याची शक्यता दिसली तर चाल करत, हरण्याची भीती असेल आणि अस्वस्थता वाढली असेल तर समोरच्याच्या उवा वेचत. कोणी कोणाच्या वेचल्या याची नोंदही ते ठेवत नसत. तरीही परतफेड दिसली, वरचढांकडे ओढा दिसला, समेटासारखं वर्तनही दिसलं. भांडणानंतर अस्वस्थता वाढलेली असते आणि प्रतिस्पर्धी जवळच असतो, एवढंच त्याला पुरेसं ठरलं.

यावर रास्त आक्षेप असा की, पडद्यावर तोच आकृतिबंध उमटला म्हणून रानातही तेच कारण आहे, असं ठरत नाही. खरंच ठरत नाही. केनियातल्या अंबोसेलीत चेनी आणि सेफर्थ या संशोधकांनी व्हर्व्हेट माकडाच्या पिल्लाची ध्वनिमुद्रित किंकाळी ऐकवली, तेव्हा इतर माद्या त्या पिल्लाच्या आईकडे पाहू लागल्या. कोणाचं पिल्लू कोणतं, हे त्यांना ठाऊक होतं. माकडांना नाती कळतात, यात शंका नाही. पण अमुक वर्तनासाठी ती जाण लागतेच का, हा प्रश्न वेगळा आहे, आणि तो नुसत्या निरीक्षणाने सुटत नाही. प्रारूपाने माकड हलकं होत नाही; आपल्या स्पष्टीकरणाची परीक्षा कडक होते. बुद्धीचा दावा करणाऱ्याला आता साध्या नियमांतून जे निघत नाही, असं काही दाखवावं लागतं.

प्रारूपाचं खरं मोल रानाला ते खोटं पाडण्याची संधी मिळते तेव्हाच कळतं. कळपाच्या वाटचालीचं उदाहरण घ्या: दोन वाटाड्यांच्या दिशांत थोडा फरक असेल तर कळप मधली वाट धरेल, फार असेल तर एकच दिशा निवडेल, हे भाकीत गणिती प्रारूपांनी आधीच केलं होतं. पुढे केनियातल्या म्पाला इथे एकाच टोळीतल्या 25 बबूनांना जीपीएस पट्टे बांधून दर सेकंदाला जागा नोंदवली गेली. 2015 मध्ये निष्कर्ष आले, आणि बबून तसेच वागलेले आढळले. वरचढ माकडाच्या मागे टोळी अधिक जाते, असंही दिसलं नाही. दिशा फार वेगळ्या असल्या की जिकडे निघणारे जास्त, तिकडे बाकीचे वळत. म्हणून प्रारूप मांडणाऱ्याकडून एक अपेक्षा ठेवायला हवी: रानात नेमकं काय दिसलं तर आपलं प्रारूप चुकीचं ठरेल, हे त्याने आधीच लिहून द्यावं.