बेगमी आणि अपरिग्रह

गृहस्थाने उद्यासाठी किती साठवावे, हा प्रश्न आपल्या धर्मशास्त्राने टाळलेला नाही. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ब्राह्मण गृहस्थाचे चार प्रकार सांगितले आहेत : ज्याचे कोठार भरलेले आहे तो, ज्याच्यापाशी रांजणभर धान्य आहे तो, ज्याला तीन दिवस पुरेल एवढेच आहे तो, आणि ज्याने उद्याचीही तजवीज केलेली नाही तो, आणि यांत पुढचा पुढचा श्रेष्ठ, असा निर्वाळाही तेथेच दिलेला आहे. छपरावर सौर पॅनेल बसवून दुपारची वीज रात्रीकरिता बॅटरीत भरून ठेवू पाहणाऱ्या आजच्या गृहस्थाला विक्रेता जेव्हा 'बॅकअप किती तासांचा हवा?' असे विचारतो, तेव्हा तो नकळत हाच जुना प्रश्न विचारीत असतो.

पतंजलीने अपरिग्रहाची गणना यमांत केली, आणि जैनांच्या तत्त्वार्थसूत्राने परिग्रहाचे मर्म वस्तूत नसून वस्तूविषयीच्या आसक्तीत आहे, असे ठरविले. येथे कोणी सहज आक्षेप घेईल, की धान्य कोंडून ठेवल्याने दुसऱ्याची चूल विझते, परंतु ऊन साठविल्याने कोणाच्याही अंगणातले ऊन तसूभरही उणे होत नाही. मग त्याचा परिग्रह कसला? आक्षेप रास्त आहे, पण अपुरा आहे. ऊन अक्षय असले, तरी ते ज्यात साठवावयाचे ते पात्र अक्षय नाही. त्यासाठी लागणारे शिसे, लिथियम वा कोबाल्ट कोणीतरी, कोठेतरी, पृथ्वीचे पोट फोडून काढलेले असते. सबब विवेक करावयाचा तो पात्राचा.

शिसे आणि आम्ल यांची बॅटरी फ्रान्सच्या प्लांटे याने 1859 साली घडविली, आणि इन्व्हर्टरच्या जोडीने ती आपल्याकडे घरोघरी येऊन बसली. ती स्वस्त खरी. परंतु रोज निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते, आणि ती मोडीत निघाल्यावर एखाद्या बेकायदा भट्टीत वितळविली गेली, तर तिचे विष त्या वस्तीतील मुलांच्या रक्तात उतरते. लिथियम-लोह-फॉस्फेटची बॅटरी महाग पडते, पण तिच्यातील ऐंशी-नव्वद टक्के वीज निर्धास्तपणे वापरता येते, ती हजारो वेळा भरता येते, आणि तिच्यात कोबाल्ट मुळीच नसते. केवळ खरेदीची रक्कम पाहणाऱ्याच्या जमाखर्चात परक्या मुलांचे हे देणे कोठेच लिहिले जात नाही.

राहिला मापाचा प्रश्न. नेट मीटरिंगखाली दिवसाची शिल्लक वीज वितरण कंपनीकडे जाते आणि तिचा मोबदला बिलात वळता होतो; तेव्हा आपला साठा समाजाच्या हाती सोपविणे हाच खरा अपरिग्रह, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सूर्यास्तानंतर घरोघर दिवे लागतात, तेव्हा तो भार कोराडी-चंद्रपूरच्या कोळशाला वाहावा लागतो. म्हणून दुपारची वीज आपल्या संध्याकाळपुरती राखणारा गृहस्थ तो भार तेवढा हलकाच करतो. शिवाय पुरवठा खंडित होताच साधी सौर यंत्रणाही बंद पडते, कारण तिची वीज तारांत उतरली तर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. त्यामुळे ज्या घरी रुग्ण प्राणवायूच्या यंत्रावर आहे, तेथे बॅटरी हे कर्तव्यच ठरते.

माझ्या मते योग्य माप एका रात्रीचे. रात्री पाच युनिटे लागणाऱ्या कुटुंबाला लिथियमची सहा, अथवा शिशाची दहा युनिटांची बॅटरी पुरे. आषाढातील आठवडाभराच्या अभ्रांची बेगमी करू जाणाऱ्याला याच्या कैक पटींनी मोठी बॅटरी घ्यावी लागेल, आणि ती वर्षातील बहुतेक दिवस पडून राहिली, तरी वयाने जीर्ण होतच जाईल. एवढा साठा गरजेपोटी क्वचितच होतो. कोणावरही कधीही विसंबावे लागू नये, या हट्टापायी तो होतो. शेजारी, वायरमन आणि समाज यांच्यावर थोडे विसंबून राहण्यात ज्याला कमीपणा वाटतो, त्याच्या मनात परिग्रहाने बॅटरी येण्याच्या कितीतरी आधीच ठाण मांडलेले असते.