भिंतीवरची शिंगे



दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या रॉकी पर्वतराजीत रायफलने एल्क मारण्याचा हंगाम असतो. एल्क हा हरणाच्या कुळातला थोराड प्राणी, आपल्या काश्मीरच्या हंगुलाचा जवळचा नातलग. पूर्ण वाढ झालेला नर तीनशे किलोंच्या घरात जातो आणि त्याच्या डोक्यावर अनेक फाट्यांची भव्य शिंगे असतात. असा पहिला मोठा नर ज्याच्या हाती लागतो तो शिकारी त्याच्याजवळ गुडघे टेकून, शिंगे हातात धरून फोटो काढून घेतो. पुढे ती शिंगे घरच्या भिंतीवर लागतात. असे फोटो आता मोबाईलवरून आपल्यापर्यंतही येतात आणि घरात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, "काय मर्दाचा नेम आहे!" दुसरा म्हणतो, "मुक्या जनावराला मारून हा हसतो तरी कसा?"

दोघांपैकी कोणाचे बरोबर? उत्तर देण्याची घाई करू नये. कोणत्याही कृतीचे नैतिक मोल ठरवताना तीन गोष्टी पाहाव्यात, असे ख्रिस्तसभेची परंपरा शिकवते: प्रत्यक्ष कृती, तिच्यामागचा हेतू आणि भोवतालची परिस्थिती.

प्रथम कृती पाहू. उत्पत्तीच्या पुस्तकात देव मनुष्याला आधी धान्य व फळे अन्न म्हणून देतो. मांसाची परवानगी नोहाला जलप्रलयानंतर मिळते, आणि तीही रक्त न खाण्याची अट घालून. जीव घेण्याची मुभा आहे, पण जिवावरची मालकी देवाचीच आहे, असा त्याचा अर्थ. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी अन्नासाठी प्राणी मारणे पाप नाही असे सांगितले. पण जनावरांशी क्रूरपणे वागणारा हळूहळू माणसांशीही तसाच वागू लागतो, हेही त्यांनी नमूद केले. आजची अधिकृत शिकवण तीच आहे: अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग करता येतो, परंतु त्यांना विनाकारण यातना देणे किंवा मारणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या विश्वपत्रात याची पुन्हा आठवण करून दिली. येथे प्रश्न जनावराच्या वेदनेचा आहेच, पण मारणाऱ्याच्या माणुसकीचाही आहे. सारा भर 'विनाकारण' या शब्दावर आहे.

आता परिस्थिती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाजारात मांस व कातडी विकण्यासाठी एल्कची बेसुमार कत्तल झाली. एल्कच्या वरच्या जबड्यात हस्तिदंतासारखे दोन दात असतात. घड्याळाच्या साखळीला ते दात अडकवण्याची त्या काळी फॅशन होती. तेवढ्या दोन दातांसाठी अख्खे जनावर मारून धड रानात सडत टाकणारे लोकही होते. कोलोरॅडो राज्यात एल्क इतके कमी उरले की १९१० नंतरच्या काही वर्षांत ते वायोमिंगमधून आणून सोडावे लागले. आज त्याच कोलोरॅडोत अडीच लाखांहून अधिक एल्क आहेत. यामागे कडक नियम आहेत. परवाना लागतो, हंगाम ठरलेला असतो, आणि बऱ्याच भागांत कोवळ्या शिंगांच्या तरुण नराला मारता येत नाही. १९३७ सालच्या एका कायद्यानुसार रायफली व काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीवांच्या संवर्धनासाठी जातो. आणि खाण्याजोगे मांस टाकून केवळ शिंगे नेणाऱ्याला तेथे तुरुंगवास होऊ शकतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला जवळपास संपूर्ण बंदी आहे, आणि आपली रानेही तशी भरलेली नाहीत. म्हणून तिकडचा न्याय इकडे लावता येणार नाही, तसाच इकडचा तिकडेही.

उरतो तो हेतू, आणि खरी अडचण येथेच आहे. कायदा परवाना तपासतो, अंतःकरण तपासत नाही. शिवाय चांगल्या परिणामामुळे वाईट हेतू चांगला ठरत नाही. कराचा पैसा जंगलाला मिळाला म्हणून मारण्यातली मौज पवित्र होत नाही.

एल्कच्या शिंगांची एक गंमत आहे. गाईबैलांसारखी ती कायमची नसतात. हिवाळ्याच्या शेवटी ती आपोआप गळून पडतात आणि पुन्हा नवी उगवतात. वायोमिंगमधील जॅक्सन गावाजवळच्या एल्क अभयारण्यात गळालेली शिंगे स्काउटची मुले गोळा करतात व मे महिन्यात त्यांचा लिलाव होतो. म्हणजे केवळ शिंगेच हवी असतील तर रक्ताचा थेंबही सांडावा लागत नाही. मग स्वतः मारलेल्या जनावराचीच शिंगे भिंतीवर का हवीत? ती काय सांगतात? 'पाहा, मी किती मोठा!' असे सांगत असतील, तर ते दोन दात साखळीला अडकवणाऱ्यात आणि या शिकाऱ्यात फारसा फरक नाही. पण तीच शिंगे असेही सांगू शकतात: 'या जिवाने माझे घर हिवाळाभर जेवू घातले. मी त्याला विसरू नये.'

हा फरक फोटोवरून कळत नाही. तो गोळी झाडण्याच्या आधी आणि नंतर कळतो. आधी, म्हणजे सावज फार लांब असताना, झाडीआड असताना किंवा उजेड मावळत असताना तो काय करतो? मोह मोठा असतो. कित्येक दिवसांची पायपीट, पुन्हा अशी संधी येईल न येईल. पण नेम चुकला तर घायाळ जनावर डोंगरात कुठेतरी तडफडत मरते. अशा वेळी बोट मागे घेऊन रिकाम्या हाताने परतणारा शिकारी भिंतीवर काहीच लावू शकत नाही, तरी त्याच्या संयमाची नोंद देवाकडे असते. आणि नंतर, म्हणजे थंडीत रात्री उशिरापर्यंत जनावर सोलायचे, तुकडे करायचे, शंभरेक किलो मांस पाठीवरून अनेक खेपांत खाली आणायचे. हे कष्ट आनंदाने करणाऱ्याला जिवाची किंमत कळलेली असते.

बेल्जियममधील लिएजचे बिशप संत हुबर्ट हे शिकाऱ्यांचे आश्रयदाते संत. ते ७२७ साली मरण पावले. त्यांचा सण ३ नोव्हेंबरला, ऐन शिकारीच्या हंगामात येतो. ऐन शुभ शुक्रवारी ते शिकारीला गेले असता त्यांना सांबराच्या शिंगांमध्ये क्रूस दिसला व त्यांचे जीवन पालटले, अशी दंतकथा आहे. (संत युस्ताशियस यांच्याविषयीही अशीच कथा सांगतात.) ज्या जागी शिकारी आपला विजय पाहतो, नेमक्या त्याच जागी त्यांना दुसऱ्यासाठी दिलेला प्राण दिसला. मला वाटते, शिंगांकडे पाहण्याची खरी दृष्टी हीच.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी कोणी एल्क मारायला जाणार नाही. पण रविवारी मिस्सानंतर मटणाच्या दुकानासमोर आपली रांग असते. तेथे मरण पडद्याआड घडते आणि आपल्या हाती येते ती पिशवी. रक्त दिसले नाही म्हणून आपण त्या शिकाऱ्यापेक्षा अधिक निष्पाप ठरतो का? कोलोरॅडोत मांस वाया घालवणे गुन्हा आहे. आपल्या लग्नाच्या मांडवात अर्धी खाऊन टाकलेली ताटे पाहा. तीही एक प्रकारची भिंतीवरची शिंगेच: आमच्याकडे किती होते, हे दाखवण्यासाठी गेलेले जीव.

तेव्हा त्या फोटोला नावे ठेवण्यापूर्वी आपल्या ताटाकडे पाहू या. हवे तेवढेच घेऊ या. आणि जेवणाआधीची प्रार्थना घाईघाईने न उरकता, आपल्यासाठी गेलेल्या जिवाची आठवण ठेवून म्हणू या.

आपला धर्मगुरू