सिंहाने उचललेला वाटा

बदलापूरच्या कात्रपमधल्या एखाद्या सोसायटीची वार्षिक सभा. शाल, श्रीफळ, टाळ्या, आणि माइकवरून हमखास येणारं वाक्य: ‘या कामात सचिवांनी सिंहाचा वाटा उचलला.’ सचिव संकोचून हात जोडतात. आपण एका रोमन कवीची गोष्ट बोलून गेलो, हे बोलणाऱ्याच्या गावीही नसतं.

फीड्रस हा ऑगस्टस बादशहाने मुक्त केलेला गुलाम. इसापाच्या ग्रीक गोष्टी त्याने लॅटिन पद्यात आणल्या. त्यांतल्या एकीत गाय, शेळी, मेंढी आणि सिंह मिळून हरीण मारतात. सिंह चार वाटे करतो. पहिला माझा, कारण मी राजा. दुसरा माझा, कारण मी भागीदार. तिसरा माझा, कारण माझ्या अंगात जोर जास्त. आणि चौथ्याला हात लावील त्याची खैर नाही! गुलामी भोगलेल्या माणसाने सांगितलेली ही लुबाडणुकीची गोष्ट. मराठीत ‘उचलणे’ या क्रियापदाने ती पार फिरवली. शिकार उचलून नेणारा सिंह आता जबाबदारी उचलतो.

‘कोल्ह्याला द्राक्षं आंबट’ ही म्हणही त्याच घराण्यातली. आपल्याकडे ‘नाचता येईना अंगण वाकडे’ होतीच. पण तिथे अंगी कला नाही, इथे हात पोचत नाही. हा फरक नेमका होता, म्हणून पाहुणी म्हण घरची झाली.

हे सारं छापील पुस्तकांतून आलं. तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यात इसापाच्या कथा ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच मराठीत छापल्या गेल्या. मुंबईत १८२८ साली सदाशिव काशिनाथ छत्रे यांचं इसापनीतीचं पुस्तक निघालं. पुढे विंदा करंदीकरांनी अॅरिस्टॉटलचं काव्यशास्त्र मराठीत आणलं, पु. ल. देशपांड्यांनी ‘राजा ओयदिपौस’ हे ग्रीक नाटक. अभ्यासक ग्रीक-रोमन प्रभाव शोधतात तो तिथे. ती कामं मोठीच आहेत. पण हा प्रभाव खोल मुरला तो बोलीत, जिथे कुणाला अनुवादकाचं नावही आठवत नाही.

बदलापुरात श्याम जोशी यांनी उभारलेलं ‘ग्रंथसखा’ वाचनालय जुनी मराठी पुस्तकं जिवापाड जपतं. तशीच जपणूक वाक्प्रचारांमागच्या गोष्टींचीही व्हायला हवी. ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ या प्रश्नाखाली मूल ‘मोठा सहभाग असणे’ एवढंच लिहितं, आणि रिकाम्या हाताने परतलेली शेळी वहीबाहेरच राहते.