माझ्या वाटच्या अक्षता

बसा. पाठ टेकली तरी चालेल. उजवी मूठ मिटा आणि तिच्यात अक्षता आहेत असं धरा. आमच्याकडे हिमायतनगरच्या मांडवात वाटतात तशा, रंगवलेल्या ज्वारीच्या. थोड्या ओलसर, तळव्याला लाल डाग पाडणाऱ्या. मूठ फार आवळू नका. शेवटच्या मंगलाष्टकेपर्यंत ती मिटलेलीच ठेवायची आहे.

मी लग्नाचे फोटो काढतो. माझे दोन्ही हात कॅमेऱ्याला, म्हणून मूठ तुमच्याकडे.

आधी गावचा मांडव डोळ्यांपुढे आणा. जुनी माणसं हिमायतनगरला अजून वाढोणाच म्हणतात. एप्रिलचं ऊन. गुलाबी-हिरव्या कापडातून ते खाली गळतं आणि नवरीचा एक गाल गुलाबी, दुसरा हिरवा दिसतो. कोणत्याही सेटिंगने हे नीट होत नाही. माइकवर मान्यवरांचे सत्कार चाललेत, मुहूर्त टळून तास झालाय. त्याची कुणालाच घाई नाही. तुम्हीही करू नका.

आता मांडव राहू द्या. स्टेशनवर चला. आदिलाबादहून येणारी कृष्णा एक्सप्रेस आपल्याला हैदराबादकडे नेते. यजमान आमच्या नांदेडचेच, लग्न मात्र तिथल्या फलकनुमा राजवाड्यात. विकार-उल-उमरा या पायगा नवाबाने तो 1884 साली बांधायला घेतला, पुढे तो सहाव्या निजामाकडे, महबूब अली खानांकडे गेला, आणि 2010 पासून तिथे ताजचं हॉटेल आहे. 1948 पर्यंत आमचं गावही निजामाच्याच राज्यात होतं. म्हणजे मी तसा जुन्या रयतेतला. पाहुणे घोड्यांच्या बग्गीतून वर जातात, आम्ही बॅगा घेऊन कामगारांच्या दाराने. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, बॅग जड असते आणि हे दार जवळ पडतं.

आत गेल्यावर मान वर करू नका. झुंबरं आहेत, संगमरवरी जिना आहे, 101 माणसं बसतील असं जेवणाचं टेबल आहे. (आमच्या पंगतीत तेवढी माणसं पहिल्या दोन रांगांत उरकतात.) मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मान वर केली होती. झुंबर चौकटीत पुरतं बसावं म्हणून दोन पावलं मागे सरलो आणि तेवढ्यात अंतरपाट खाली आला. फोटोत झुंबर सुंदर आलंय. नवरा-नवरी उभी आहेत, एकमेकांना बघून झालेली.

म्हणून खाली बघा. दोन माणसांनी धरलेलं एक पांढरं कापड, मधोमध कुंकवाचं स्वस्तिक. धरणाऱ्यांपैकी एकाचा दंड भरून आलाय, त्याची बाजू चार बोटं खाली झुकलीय. त्या कापडाच्या कडेला, भटजींच्या शेजारी उभे राहा. इथून दोन्हीकडचं दिसतं. अलीकडे नवरा मुंडावळीचा मोती पापणीवरून फुंकरीने हलवायला बघतोय, कारण हातात हार आहे. पलीकडे नवरी हाराच्या जरीच्या गोंड्यावरून अंगठा फिरवतेय, एकाच जागी, पुन्हा पुन्हा. मागे उभा मामा तिच्याकडे बघत नाही, जमिनीकडे बघतोय. तिथे नुसतं थांबा. कॅमेरा छातीशी राहू द्या.

गालांवर सकाळच्या हळदीची झाक उरलीय. झुंबरांचा उजेड पिवळा. तो पिवळा मारायला गेलं की हळदही मरते. मी तो तसाच ठेवतो. चेहरे जरा तांबूस येतात, येऊ देत.

आता श्वासाकडे या. जुन्या मंगलाष्टका शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात. ओळीला 19 अक्षरं, 12व्या अक्षरावर यती. बारा अक्षरं होईतो श्वास सावकाश आत घ्या, यतीवर क्षणभर थांबा, उरलेल्या सातांत सोडा. चार ओळी झाल्या की ‘सावधान’. मावशी-आत्या मधे घरातल्यांची नावं गुंफलेलं स्वतःचं कडवं म्हणतील, वृत्त मोडेल, श्वास चुकेल. चुकू द्या.

‘सावधान’ या शब्दाला आमच्या मराठवाड्यातल्या जांबचा एक मुलगा बोहल्यावरून पळाला आणि पुढे रामदास झाला असं सांगतात. मलाही तो शब्द लागतो, पण पळायची सोय नाही.

आणखी एक गोष्ट मनात धरा. सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी 1892 साली याच हैदराबादेत जनान्यासाठी वेगळा स्टुडिओ काढला. भोवती उंच भिंती, कामाची सूत्रं एका इंग्रज बाईकडे. पडद्यातल्या बायका तिथे कॅमेऱ्यापुढे बसत. दीनदयाळ स्वतः पडद्याबाहेर. मी मात्र उपरा पुरुष असून नवरीच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर उभा आहे आणि मला कुणी हटकत नाही. ही सूट आहे, हक्क नव्हे. म्हणून पाठवणीच्या वेळी तिचं रडणं जवळून टिपायला मला आवडत नाही. यजमान मागतात, मी दोन पावलं मागूनच घेतो.

शेवटचं कडवं आलं. शटर 1/500 वर. त्याहून सावकाश ठेवलं तर दाण्यांच्या रेघा होतात. इथल्या ताटात गुलाबाच्या पाकळ्या आहेत, त्या रेंगाळत पडतात. ज्वारी चटकन पडते, आणि गालाला लागते. तुमच्या मुठीत ज्वारीच आहे.

अंतरपाट खाली येतोय. दोघांच्या नजरा अजून खालीच आहेत. इतकी लग्नं झाली, पण एका जोडप्यावरही माझ्या हातून अक्षता पडलेल्या नाहीत. मूठ उघडा, माझ्या वाटच्याही तुम्हीच टाका.